स्थायी जोडणी, संगणकसमूहातील
अखंड येणाऱ्या माहितीवर एकत्रितपणे संस्करण करणाऱ्या संगणकांमध्ये एकदाच प्रस्थापित होऊन दीर्घकाळ खुला राहणारा संदेशमार्ग. पुणे येथील सी-डॅक या संस्थेच्या ‘परम ८०००’ (१९९१) या महासंगणकातील प्रत्येक ट्रान्सप्युटरच्या रचनेतच असे संदेश वाहण्यासाठी चार दुवे होते. दूरस्थ संगणकांत मात्र टीसीपी या संदेशवहन-संकेतानुसार (१९८१) तीन प्राथमिक संदेशांनी जोडणी करावी लागते. समजा, चाकूर (जि. लातूर) येथील पर्जन्यनोंदी मुंबईस पाठवावयाच्या आहेत. प्रकाशतंतूची लांबी सु. ५०० किमी. धरल्यास संदेशाच्या जाण्यायेण्यास किमान ५ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक नोंदीसाठी नवी जोडणी केल्यास १,००० नोंदींमागे ५ सेकंद केवळ पूर्वतयारीत जातात. स्थायी जोडणीत हा वेळ वाचतो, नोंदींचा क्रम टिकतो आणि ताण आल्यास ग्राहक संगणक प्रेषकाचा वेग कमी करवू शकतो.

तथापि जोडणी खुली दिसणे हा पलीकडचा संगणक चालू असल्याचा पुरावा नव्हे. तंतू तुटल्यास चाकूरकडून काहीच येत नाही. मुंबईस ते पाऊस नसल्यासारखेच भासते. टीसीपीतील स्वयंचलित चौकशी ऐच्छिक असून तिचा पूर्वनियोजित कालावधी किमान २ तास असतो. म्हणून काही सेकंदांच्या अंतराने ‘स्पंदन-संदेश’ पाठवितात. ते सलग चुकल्यास जोडणी तुटली असे मानून ती नव्याने करतात. पोच न मिळालेल्या नोंदी प्रेषक जपून ठेवतो व पुन्हा पाठवितो. त्या दुबार मोजल्या जाऊ नयेत म्हणून प्रत्येकीस स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो.