शुक्रपेशीतील गुणसूत्रांचे इलाखे
मानवी शुक्रपेशीचे केंद्रक इतके संकुचित असते की त्यातील २३ गुणसूत्रे केवळ कोंबून भरली असावीत असा कोणाचाही ग्रह व्हावा. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. बहुतांश हिस्टोन प्रथिनांना बेदखल करून प्रोटामिने ही दुसरी प्रथिने डीएनएचा ताबा घेतात, गुणसूत्रबिंदू (सेंट्रोमिअर) केंद्रकाच्या अंतर्भागी एकवटतात, टोके परिघाकडे जातात, आणि जमाबंदीच्या दफ्तरातील शेताप्रमाणे प्रत्येक गुणसूत्रास आपला इलाखा लाभतो. आता १३ आणि १४ या क्रमांकांची गुणसूत्रे परस्परांस कायमची जोडली गेली तर? रॉबर्टसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१६ साली नाकतोड्यांसारख्या कीटकांत वर्णिलेले, आणि म्हणून त्याच्याच नावे रूढ झालेले, अशा जोडणीचे हे स्थानांतर हजारांत साधारण एका व्यक्तीत आढळते. पेशीत ४६ ऐवजी ४५ गुणसूत्रे असूनही तो इसम सहसा धडधाकट असतो, आणि अपत्यप्राप्तीत अडचण येईपर्यंत त्यास याची खबरही नसते. अशा पुरुषांच्या शुक्रपेशी प्रतिदीप्त खुणांनी तपासता जोडलेल्या गुणसूत्रांच्या जागा ढळलेल्या दिसतात, हे अपेक्षितच. मात्र या व्यवहाराशी काडीचाही संबंध नसलेल्या काही गुणसूत्रांच्या जागाही सरकलेल्या आढळल्या आहेत, आणि खरे कुतूहल येथेच आहे. फलनानंतर बीजांडात पितृगुणसूत्रे कोणत्या क्रमाने उलगडावीत हे या मांडणीवर अवलंबून असावे, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.