मातीविना आमरीची लागवड

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या अंगणांत हल्लीं आमरीची कुंडी दिसूं लागली आहे. पदरचा पैसा खर्चून आणलेलें हें झाड पुष्कळदां वर्ष-दोन वर्षांत मरतें, व दोष हवेस दिला जातो. वस्तुतः बहुधा त्याचीं मुळें गुदमरलेलीं असतात.

पुष्कळ शोभिवंत आमरी, सह्याद्रींतील सीतेच्या वेणीप्रमाणें, वृक्षांच्या सालीवर वाढतात. बांडगुळाप्रमाणें त्या वृक्षाचा रस शोषीत नाहींत. केवळ आधार घेतात. त्यांच्या मुळांवरील स्पंजासारखें आवरण पावसाचें पाणी झटकन् टिपतें व वाऱ्यानें पुन्हां सुकतें. कुंडींतील साल किंवा नारळाचीं सोडणें कालांतरानें कुजून दाटतात, हवेचा मार्ग बंद होतो, आणि मुळें नासतात.

ह्यावर उपाय म्हणजे भट्टींत भाजून फुगविलेल्या चिकणमातीच्या गोळ्या. त्या कुजत नाहींत. फटींतून हवा खेळते, आणि वातींत तेल चढावें तसें तळचें पाणी वर चढतें. अशा मातीविना लागवडीस 'हायड्रोपॉनिक्स' हें नांव कॅलिफोर्नियांतील गेरिक ह्यांनीं १९३७ सालीं प्रचारांत आणलें.

कृति येणेंप्रमाणें करावी. फुलोरा संपून नवीं मुळें फुटूं लागलीं म्हणजे झाड हलवावें. कारण जुन्या मुळांपैकीं कांहीं मरतात, नवीं मात्र ओलाव्यास सरावूनच वाढतात. गोळ्या धुवून एक दिवस पाण्यांत भिजवाव्या. झाडाचीं मुळें स्वच्छ धुवावीं, व मऊ, पोकळ मुळें ज्योतीवर तापवून निवविलेल्या कात्रीनें कापावीं. कुंडीस तळापासून सुमारें १ इंचावर बाजूस दोन छिद्रें असावीं, तळास नसावीं. बुंधा गोळ्यांत पुरूं नये. वरून पाणी घालावें. छिद्रांपर्यंतचें तळाशीं राहतें, जास्त वाहून जातें.

गोळ्यांत अन्न नसतें, म्हणून वेष्टनावर सांगितल्याच्या चतुर्थांश खत पाण्यांतून द्यावें, आणि महिन्यांतून एकदां निव्वळ पाण्यानें कुंडी धुवून सांचलेले क्षार काढावे. पहिले कांहीं आठवडे झाड सावलींत ठेवावें. पानें किंचित् सुरकुतलीं तरी घाबरूं नये.

पाण्यांत मुळें कुजतील ही शंका स्वाभाविक आहे. परंतु नाश पाण्यानें नव्हे, हवेच्या अभावानें होतो, हें ध्यानांत ठेविल्यास ही रीत कोणासही साधेल.