युबिसॉफ्ट पुणे

युबिसॉफ्ट पुणे : व्हिडिओ गेम तयार करणारे पुण्यातील निर्मितिकेंद्र. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील केंद्रांपैकी हे एक असून २००८ पासून ते तिच्या मालकीचे आहे. परदेशी कंपनीचे साहाय्यक केंद्र मुख्य निर्मितीच्या पायरीपर्यंत कसे पोहोचते व तेथे त्याला कोणत्या मर्यादा पडतात, याचे भारतातील हे ठळक उदाहरण होय.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील गीयमो कुटुंबातील पाच भावांनी १९८६ मध्ये युबिसॉफ्टची स्थापना केली. त्यांपैकी मिशेल गीयमो यांनी १९९९ मध्ये गेमलॉफ्ट ही कंपनी काढली. मोबाइल फोनवरील गेम हे तिचे क्षेत्र होते. पुण्यातील केंद्र मूळचे गेमलॉफ्टचे. त्या काळी फोनचा पडदा, स्मृतिक्षमता व कळांची रचना नमुन्यागणिक भिन्न असे. त्यामुळे एकच गेम अनेक नमुन्यांसाठी पुन्हा जुळवून घ्यावा लागे व प्रत्येक आवृत्तीची स्वतंत्र चाचणी करावी लागे. हे काम चिकाटीचे व बरेच मनुष्यबळ लागणारे होते. अभियांत्रिकी पदवीधरांची मोठी संख्या आणि तुलनेने कमी वेतनमान यांमुळे ते भारतात करणे किफायतशीर ठरे.

युबिसॉफ्टने २००८ मध्ये हे केंद्र गेमलॉफ्टकडून विकत घेतले. त्यानंतर चाचणीच्या जोडीला इतर केंद्रांच्या गेममध्ये सहनिर्मितीचे कामही त्याच्याकडे आले. जस्ट डान्स या नृत्यविषयक गेममालेच्या निर्मितीत त्याचा वाटा आहे. कंपनीने २०१८ मध्ये मुंबई येथे दुसरे भारतीय केंद्र सुरू केले.

सप्टेंबर २०२० मध्ये प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम या गेमच्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली व तिची मुख्य जबाबदारी पुणे आणि मुंबई या केंद्रांकडे असल्याचे जाहीर करण्यात आले. मूळ गेम कॅनडातील माँट्रिऑल केंद्राने २००३ मध्ये तयार केला होता. त्याच्या कथानकाचा प्रारंभ भारतातील एका महाराजाच्या राजवाड्यावरील स्वारीने होतो. नव्या आवृत्तीच्या पहिल्या दृश्यफितीतील चित्रांकनावर मात्र टीका झाली. जानेवारी २०२१ ही प्रकाशनाची तारीख आधी मार्चपर्यंत व नंतर बेमुदत पुढे ढकलण्यात आली. मे २०२२ मध्ये हे काम माँट्रिऑलकडे सोपविण्यात आले आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने हा प्रकल्पच रद्द केला.

अशा व्यवस्थेत गेमचे नाव, पात्रे व आज्ञावली यांचे स्वामित्व मूळ कंपनीकडे असते. प्रकल्प कोणी, किती काळात व किती खर्चात पूर्ण करावा, हेही तीच ठरविते. प्रकल्प काढून घेतल्यास केंद्राजवळ केवळ तेथील माणसांचे कौशल्य उरते. याउलट, स्वतःची कल्पना स्वतःच्या नावावर राखणाऱ्या छोट्या संस्थांना भांडवलाची चणचण भासते. पुण्यातीलच नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने भारतीय पुराणकथांच्या आधारे रचलेला राजी : ॲन एन्शंट एपिक हा गेम २०२० मध्ये प्रसिद्ध केला. तत्पूर्वी २०१७ मध्ये त्यासाठी लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा तिचा प्रयत्न अयशस्वी झाला होता. भारतीय गेमनिर्मितीपुढे आजवर प्रामुख्याने हेच दोन मार्ग राहिले आहेत.