मॉक्युमेंटरी: काही पक्के गैरसमज

माहितीपटाचा साज चढवलेली काल्पनिक, बहुधा विनोदी कथा म्हणजे मॉक्युमेंटरी. मुलाखती, हातात धरलेला कॅमेरा, पडद्याच्या तळाशी उमटणारी नावाची पट्टी हे सगळे खऱ्यासारखे. माणसे आणि घटना मात्र रचलेल्या. हा प्रकार आता मोबाइलवर घरोघरी पोहोचला आहे आणि त्याच्यासोबत काही समजुतीही पोहोचल्या आहेत. त्या पटण्याजोग्या वाटतात, पण या विनोदामागची कारागिरी त्यांच्यामुळे नजरेआड होते.

‘मॉक्युमेंटरी म्हणजे प्रेक्षकाला फसवणे.’

हा समज हवेतून आलेला नाही. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या गंभीर कार्यक्रमात, स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटी तोडणारे एक कुटुंब दाखवले गेले. निवेदनाला रिचर्ड डिम्बल्बी यांचा भारदस्त, विश्वासाचा आवाज होता. असे झाड लावायचे कसे, हे विचारायला प्रेक्षकांनी बीबीसीला फोन केले. ब्रिटनमध्ये तेव्हा स्पॅगेटी रोजच्या जेवणातली नव्हती, त्यामुळे त्या प्रेक्षकांना भोळसट ठरवणे अन्यायाचे होईल. पण ती थाप होती, आणि थापेतली गंमत ती उघडी पडेपर्यंतच टिकते. मॉक्युमेंटरीचे नेमके उलटे आहे. रॉब रायनर यांचा ‘धिस इज स्पायनल टॅप’ (१९८४) हा एका काल्पनिक रॉक बँडच्या अमेरिका दौऱ्याचा चित्रपट. सुरुवातीच्या काही प्रेक्षकांना तो बँड खराच वाटला. त्यांना चित्रपट रटाळ वाटला असेल तर नवल नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते एका सुमार बँडचे साधे चित्रण होते. हे सगळे रचलेले आहे, हे कळल्यावरच त्यातली प्रत्येक गंभीर मुद्रा हसवू लागते. प्रेक्षक इथे बनवाबनवीत सामील असतो; तो सामील नसेल तर विनोद उभाच राहत नाही.

‘संवाद आयत्या वेळी सुचलेले असतात, लिहायचे काही नसते.’

या समजाचे मूळही ‘स्पायनल टॅप’मध्येच आहे. त्यातले बहुतेक संवाद नटांनी खरोखरच कॅमेऱ्यासमोर उत्स्फूर्तपणे म्हटले. पण मायकेल मॅकीन, क्रिस्टोफर गेस्ट आणि हॅरी शियरर हे मुख्य नट आपली पात्रे १९७९पासून अंगात मुरवत होते. बँडचा इतिहास, त्याची गाणी, प्रत्येक प्रसंगाचा आराखडा आधीच ठरलेला होता. चित्रणही अनेक तासांचे झाले आणि त्यातून ८२ मिनिटे उरली. म्हणजे लेखनाचा मोठा वाटा संकलनाच्या टेबलावर पार पडला. यातला स्टोनहेंजचा, म्हणजे प्राचीन शिळांच्या देखाव्याचा, प्रसंग बारकाईने पाहावा. गिटारवादक नायजेल रंगमंचावरच्या शिळेचे माप कागदी रुमालावर काढून देतो आणि फुटांच्या जागी इंचांची खूण करतो. बनवणारे कागदावर दिसते तेच बनवतात. भर कार्यक्रमात, धूर आणि गूढ संगीताच्या साथीने, वरून दीड फुटांची शिळा खाली येते आणि तिच्याभोवती नाचणारी बुटकी माणसे तिच्याहून उंच दिसतात. रुमालापासून शिळेपर्यंतची ही साखळी आयत्या वेळी सुचत नाही.

‘द ऑफिस’ या ब्रिटिश मालिकेचे (२००१-२००३) तर बहुतेक सगळे संवाद रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांनी लिहिलेले होते. ते लिहिलेले वाटत नाहीत, हे त्या लेखनाचे यश. लेखन नसल्याचा तो पुरावा मानता येत नाही.

‘कॅमेरा हलतो, फोकस चुकतो, म्हणजे काम स्वस्तातले.’

लग्नाच्या व्हिडिओत कॅमेरा हलला की ती चूक असते, म्हणून इथेही ती चूकच वाटते. प्रत्यक्षात ही एक कमावलेली भाषा आहे. १९६०च्या सुमारास खांद्यावर पेलणारे हलके कॅमेरे आणि त्यांच्या जोडीने चालणारी ध्वनिमुद्रणयंत्रे आली. माहितीपट करणारे माणसांच्या मागे खोल्याखोल्यांतून फिरू लागले आणि हलणारे चित्र म्हणजे खरे चित्र, हा संकेत प्रेक्षकाच्या मनात रुजला. मॉक्युमेंटरी तोच संकेत उसना घेते, आणि तो हुबेहूब वठवायला कसब लागते. अमेरिकन ‘द ऑफिस’चे छायाचित्रकार रँडल आइनहॉर्न ‘सर्व्हायव्हर’सारख्या रिॲलिटी शोमध्ये काम करून आलेले होते. वुडी ॲलन यांच्या ‘झेलिग’साठी (१९८३) ‘द गॉडफादर’चे छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांनी जुनी भिंगे वापरली, फिल्म जुनाट दिसावी म्हणून तिच्यावर मुद्दाम ओरखडे पाडले गेले. त्या छायाचित्रणाला ऑस्करचे नामांकन मिळाले.

‘पात्राने कॅमेऱ्याकडे पाहिले की भ्रम मोडतो.’

चित्रपटात नटाने कॅमेऱ्याकडे पाहू नये, हा नियम इतका पक्का आहे की ही समजूत स्वाभाविक म्हणावी. शिवाय मराठी प्रेक्षकाला प्रेक्षकांशी थेट बोलणारा तमाशातला सोंगाड्या ओळखीचा असतो. पण सोंगाड्याला आपण हसवतो आहोत हे पक्के ठाऊक असते. मॉक्युमेंटरीतल्या माणसाला ते ठाऊक नसते. त्याला फक्त एवढेच माहीत असते की कॅमेरा चालू आहे आणि आपण बरे दिसायला हवे. या प्रकाराचे सगळे आकर्षण इथे आहे: माणूस स्वतःची एक प्रतिमा सांभाळत बोलत असतो आणि त्याच्या मागे घडणारी गोष्ट ती प्रतिमा पाडत असते.

ब्रिटिश ‘द ऑफिस’च्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात कचेरीतला टिम मुलाखत अर्धवट टाकून उठतो आणि ज्या सहकारी तरुणीवर त्याचे प्रेम आहे त्या डॉनला एका काचेच्या खोलीत नेतो. मनातले सांगण्याआधी त्याला आठवते की अंगावर माइक आहे. तो माइक बंद करतो आणि आवाज थांबतो. प्रेक्षकाला काचेपलीकडचे ओठ दिसतात, एक मिठी दिसते, शब्द ऐकू येत नाहीत. मग तो परत येतो, माइक चालू करतो आणि ती नाही म्हणाली, एवढेच सांगतो. कॅमेऱ्याचे आणि माइकचे अस्तित्व कथेत मान्य केलेले नसते, तर हा प्रसंग शक्यच नव्हता. इथे भ्रम मोडत तर नाहीच, उलट तो कमालीचा घट्ट होतो.

‘हे सारे “द ऑफिस”पासून सुरू झाले.’

नाही. वुडी ॲलन यांचा ‘टेक द मनी अँड रन’ १९६९चा आणि बीटल्सची नक्कल करणारा ‘द रटल्स’ १९७८चा. ‘द ऑफिस’ने हा प्रकार दर आठवड्याला चालेल अशा मालिकेत आणून लोकांच्या सवयीचा केला, एवढे श्रेय तिचे नक्कीच.

‘हा विनोद निर्दय असतो, साध्या माणसांची टर उडवतो.’

‘बोरॅट’सारख्या चित्रपटात (२००६) रचलेले पात्र खऱ्या, बेसावध माणसांसमोर सोडलेले असते. तिथे हा आक्षेप विचारात घ्यावाच लागतो. पण त्यावरून साऱ्या प्रकाराला तोलणे चूक आहे. ‘द ऑफिस’चा डेव्हिड ब्रेंट हा बढाईखोर साहेब. आपण हाताखालच्यांचे लाडके मित्र आहोत, अशी त्याची ठाम समजूत. मदतनिधीसाठी कचेरीत सोंगे घेण्याचा दिवस असतो. ब्रेंट शहामृगावर बसल्याच्या सोंगात असतो आणि त्याच वेशात त्याला नोकरी गेल्याचे सांगितले जाते. पुढच्या भागात तो वरिष्ठांपुढे गयावया करतो. बारा भाग ज्या माणसाने कॅमेऱ्याकडे बघून फुशारक्या मारल्या, तो त्या क्षणी कॅमेरा विसरलेला असतो. त्याचा आवाज फुटतो. पाठीमागे ध्वनिमुद्रित हशा नसतो, संगीत नसते, आणि इतका वेळ हसणारा प्रेक्षक गप्प झालेला असतो.