मूल गप्प होते तेव्हा

अंगात ताप असला की आपण रात्रीच दवाखाना गाठतो. पण हसतेखेळते मूल दोन-तीन आठवडे गप्प राहिले, जेवेनासे झाले, शाळेच्या वेळेलाच रोज पोट दुखू लागले, तर ‘नाटक आहे’ म्हणून मोकळे होतो. पोट आधी तपासून घ्यावे; दोष न सापडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. ‘मरावेसे वाटते’ असे मूल म्हणाले तर एक दिवसही थांबू नये. शासनाचा ‘टेलिमानस’ क्रमांक १४४१६ हा २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य आहे. उपचार दोन भेटींत संपत नाहीत; मध्येच सोडू नयेत. बाहेर आल्यावर ‘काय विचारलं?’ म्हणून मुलाला खोदू नये. आम्ही बँकेत परक्याच्या खात्याचेही गुपित राखतो, मग लेकराचे का नाही? आत्या-मामांनासुद्धा त्याला विचारूनच सांगावे.