भातशेती आणि विषारी सर्प

भिवंडी तालुक्यातील शेती पावसाच्या भातावर अवलंबून आहे. चार महिने खाचरे पाण्याने भरलेली असतात, तर उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते. या दोन टोकांमध्ये शेतकऱ्याप्रमाणेच उंदीर व सर्प यांनाही आपला निर्वाह करावा लागतो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले म्हणजे सर्प बांधावर, गोठ्यात आणि घरात आसरा शोधतात. कापणीनंतर खळ्यावर धान्य येते. धान्यामागे उंदीर व उंदरामागे सर्प येतो.

ठाणे जिल्ह्यात नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी सर्प विशेष घातक होत. नाग व मण्यार यांच्या विषाचा परिणाम मज्जासंस्थेवर होतो. पापण्या जड होतात व श्वास कोंडतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. तिच्या दंशाची वेदना पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून पहाटे अकारण पोटात दुखू लागल्यास किंवा पापण्या मिटू लागल्यास सर्पदंशाची शंका घ्यावी.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली. त्यांपैकी सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतील होते. लावणी व बेणणीचा काळ तो हाच.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. बांधावरील उंदरांची बिळे बुजवावीत. पेंढा व सरपण घरापासून दूर रचावे. शेतात गमबूट घालावेत आणि पेंढा उचलण्यापूर्वी तो काठीने हलवून पाहावा. रात्री विजेरी घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. खाटेवर निजावे व मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात.

दंश झाल्यास रोग्यास धीर द्यावा व चालू देऊ नये. अंगठी, कडे, जोडवी काढून टाकावीत. दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. दोरीने आवळून बांधणे, जखम कापणे किंवा विष चोखणे हे सर्व अपायकारक आहे. मांत्रिकाकडे घालविलेला वेळ प्राणावर बेततो. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास विलंब असल्यास मिळेल त्या वाहनाने रोग्यास शासकीय रुग्णालयात न्यावे.

घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होणारी प्रतिविषाची लस या चारही सर्पांच्या विषावर चालते. तेव्हा ओळख पटविण्यासाठी सर्प मारून आणण्याचे कारण नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्पांस संरक्षणही दिलेले आहे. शिवाय धान्याची नासाडी करणाऱ्या उंदरांचा तो शत्रू आहे. त्यास त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. आपली वाट मात्र उजेडात व सावधपणे चालावी.