घरातील ठेव आणि चोराची वाट

इगतपुरी तालुक्यात आषाढ लागला की गाव दिवसा ओस पडते. पाऊस धरून बसलेला असतो, भाताची आवणी उरकण्याची घाई असते आणि घरातील प्रत्येक धडधाकट माणूस, मग तो पुरुष असो वा स्त्री, गुडघाभर चिखलात उभा असतो. घरी राहतात ती म्हातारी माणसे व लहान मुले. पुष्कळदा तीही नसतात. कौलांवर कोसळणाऱ्या सरींच्या आवाजात कोयंडा उचकटल्याचा आवाज शेजारच्या पडवीतही ऐकू जात नाही. घरफोडी रात्रीच व्हावयाची, ही समजूत म्हणूनच टाकून द्यावयास हवी.

शेतकऱ्याच्या घरातील दागिना हा केवळ हौसेचा विषय नव्हे. भात विकून आलेल्या पैशांतून केलेले चांदीचे कडे किंवा सोन्याचे चार मणी जून महिन्यात बियाणे व खत यांसाठी गहाण पडतात आणि पीक हाती आल्यावर सोडविले जातात. असा दागिना चोरीस गेला म्हणजे पुढील हंगामाचे भांडवलच गेले. ज्या गावपातळीवरील कार्यकर्त्यास सुधारित बियाण्याचा प्रसार करावयाचा आहे, त्याने या विषयाकडे पोलिसांचे काम म्हणून पाहणे बरे नव्हे.

मौल्यवान ठेव लपवून ठेवण्याची चाल फार जुनी आहे. इगतपुरी तालुक्याच्या डोंगरांत उगम पावणारी दारणा नदी जोगलटेंभी येथे गोदावरीस मिळते. त्या गावी १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षत्रप राजा नहपान याची होती आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. इतिहासकारांना हा साठा फार उपयोगी पडला. ज्याने तो ठेवला त्याला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. एकट्याने गुपचूप लपविलेली ठेव चोरापासून वाचते, पण वारसापासूनही वाचते! ठेवीची जागा घरातील निदान दोन विश्वासू माणसांस ठाऊक असावी.

आपल्याकडील ओल्या हवेत जमिनीत किंवा भिंतीत लपविलेल्या नोटांचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे वाळवी. लाकडी पेटी थेट मातीच्या जमिनीवर टेकलेली असली की वाळवी तळातून शिरते आणि पेटी उघडेपर्यंत काही कळत नाही. फाटलेल्या व खराब झालेल्या नोटा बँक नियमानुसार बदलून देते; परंतु नोटेचा पुरेसा भाग शिल्लक असला तरच. सात-बारा उतारे, खरेदीखते व बँकेची पासबुके यांचीही गत तीच होते.

कणगीत किंवा तांदळाच्या पिंपात दागिने खुपसून ठेवण्याची सवय तर सर्वत्र आढळते. चोरास ती घरधन्याइतकीच माहीत असते. शिवाय धान्यात कीडनाशक गोळ्या टाकल्या असतील तर त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू सोने, चांदी व तांबे यांवर परिणाम करून दागिने काळे पाडतो. हा वायू माणसाचाही जीव घेतो. घरगुती साठ्यात या गोळ्या वापरण्यास परवानगी नाही, हे येथे पुन्हा सांगणे अवश्य आहे.

आता दाराकडे वळू. बहुतेक घरफोड्यांत कुलूप शाबूत राहते आणि कोयंडा निघून येतो, कारण तो दोन आखूड स्क्रूंवर धरलेला असतो. त्याऐवजी फळीतून आरपार जाणारे बोल्ट घालून आतील बाजूस नट आवळावेत. खर्च किरकोळ आहे. गोठ्याकडे उघडणाऱ्या मागील दारास आतून भक्कम अडसर असावा. कारवीच्या कुडाची भिंत साध्या कोयत्यानेही फोडता येते, तेव्हा पेटी अशा भिंतीलगत न ठेवता मधल्या खोलीत ठेवावी आणि जमिनीत रोवलेल्या खांबास साखळीने जखडावी. कौले उचलून उतरणाऱ्यास शिडी लागते, भिंत फोडणाऱ्यास पहार लागते. आणि या दोन्ही वस्तू शेतकरी स्वतःच अंगणात टाकून शेतावर जातो. अवजारे कुलपात ठेवण्याचा उपदेश गंजाच्या भीतीने आजवर केला जाई, त्यास हे दुसरे कारण जोडावे. किल्ली वळचणीत किंवा तुळशीवृंदावनात ठेवणे म्हणजे न ठेवल्यासारखेच आहे.

दागिने उजळून देतो म्हणून भर दुपारी दारी येणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती काहीही देऊ नये.

वर्षभर न लागणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे इष्ट. रिझर्व्ह बँकेचे याविषयीचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे ठेव गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतकी धरली आहे. भाडे पंधराशे रुपये असेल तर ही रक्कम दीड लाख होते. लॉकरसाठी वारसाचे नामनिर्देशन करून ठेवण्यास विसरू नये.

घरी जे राहील त्याची नोंद असावी. चांदीची कडी एकसारखी दिसतात. चोर सापडला तरी आपले कडे कोणते हे सांगता येत नाही, अशी पुष्कळांची फजिती होते. वजन, सोनाराची पावती आणि दोन बाजूंनी काढलेले छायाचित्र जपावे. हॉलमार्क केलेल्या सोन्यावर एचयूआयडी हा सहा अंक-अक्षरांचा क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून नव्या दागिन्यांच्या विक्रीस तो आवश्यक झाला आहे. तो वहीत उतरवून ठेवावा आणि ती वही दागिन्यांच्या पेटीत ठेवू नये.

चोरी झालीच तर घरातील वस्तूंना हात न लावता ११२ क्रमांकावर कळवावे व पोलीस पाटलास बोलवावे. फिर्याद इगतपुरी, घोटी किंवा वाडीवऱ्हे यांपैकी आपल्या हद्दीच्या ठाण्यात द्यावी. तथापि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार ती कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते. तिची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ती घेतल्यावाचून ठाण्यातून परतू नये.